तीस कुपनांचा फायदा, एकशे दहा इकडे-तिकडे

प्रश्न अगदी साधा होता. शहाण्णव सालच्या ईस्टरला, जेवणं उरकल्यावर, चहा ओतता ओतता दयाबाईंनी तो विचारला.

"अहो, रोज एवढे पत्ते खेळता, पण शेवटी जिंकता का हरता?"

शलमोन भिंगारदिवे तेव्हा भलत्याच खुशीत होते. नुकतीच त्यांनी कंपनीच्या बसमधली एक हकिकत रंगवून सांगितली होती. सुप्याच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या कंपनीची बस केडगावहून सकाळी निघायची, संध्याकाळी परत यायची आणि जाता-येता मांड्यांवर ब्रीफकेस आडव्या टाकून रमी चालायची. त्यात बन्सी नावाच्या हेल्परला ऐन मोक्याच्या वेळी शिंक आली. त्याने सभ्य माणसासारखी हातातली पानं तोंडापुढे धरली आणि तेराच्या तेरा पानं समोरच्यांना दाखवून बसला. दयाबाई हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या. त्यातच त्यांनी तो प्रश्न टाकला.

शलमोनरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ते माहीतच नाही.

तेवढी फट मेहुण्याला पुरली. पॉल हे दयाबाईंचे धाकटे बंधू. कोल्हारला शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि शाळेबाहेर भेटेल त्याला उरलेले सगळे विषय.

"हरतात, ताई. विचारायचं काय त्यात? पत्त्यात कोणी कमावलंय आजवर?"

"असं मोजल्याशिवाय बोलू नये, पॉल," शलमोनराव म्हणाले.

"मग मोजा की, दाजी. तुम्ही मोजणारेच आहात."

हे मात्र लागलं. शलमोनराव कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. नळकांड्यासारखे लोखंडाचे बुश मायक्रोमीटरमध्ये धरून हा पास, हा नापास असा निवाडा ते दिवसातून चारशे वेळा करत. केसाएवढा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. अशा माणसाला स्वतःच्या पत्त्यांचा निवाडा करता येऊ नये, आणि तेही भूगोलाच्या मास्तरासमोर!

"नाताळला येशील ना? ह्याच टेबलावर आकड्यानिशी सांगतो," ते कडाडले. "तोटा निघाला तर जन्मात पत्त्याला हात लावणार नाही."

"अहो, मी आपलं..." दयाबाई म्हणाल्या. पण शपथ घेतलेल्या माणसाला बायकोचं बोलणं ऐकू येत नाही. शलमोनराव वही शोधायला आत गेले होते.

शपथ मोठी होती हेही सांगितलं पाहिजे. शलमोनरावांना दारू नाही, तंबाखू नाही, सिनेमात झोप येते. बसमधली रमी एवढी एकच चैन त्यांच्या आयुष्यात होती. ती पणाला लागली होती.

बसमधल्या रमीला 'पूल' म्हणत. सोमवारी सहा जण प्रत्येकी पाच चहाची कुपनं काढून ठेवायचे. कंपनीच्या गाडीत पैशाने खेळायला बंदी होती, पण चहाचं कुपन म्हणजे पैसा नव्हे असा निवाडा अकाउंट्सच्या राधाकृष्ण बोरुड्यांनी दिला होता आणि ते स्वतः पुढच्या बाकावर खेळत असल्यामुळे तो टिकला होता. डाव हरला की अंगावर गुण चढायचे, एकशे एक भरले की माणूस बाद. शनिवारी जो शेवटचा उरेल त्याला तीसच्या तीस कुपनं. म्हणजे जिंकलं तर पंचवीसचा फायदा, हरलं तर पाचचा तोटा. सहा आठवड्यांतून एकदा जिंकणाऱ्याचा हिशेब बरोबरीत सुटायचा. पण माणूस तीन महिने सलग हरू शकतो, किंवा लागोपाठ तीनदा जिंकून स्वतःला उगाच हुशार समजू शकतो.

ह्यालाच चढउतार म्हणतात हे शलमोनरावांना माहीत होतं. कंपनीने त्यांना पुण्याला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे जेवण चांगलं होतं आणि दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या होत्या. एक, चार-दोन नमुने बघून निष्कर्ष काढायचा नाही, शंभराच्या घरात तरी पाहिजेत. दुसरी, नुसती सरासरी सांगायची नाही, ती किती इकडे-तिकडे होऊ शकते तेही सांगायचं.

आता आठवड्याला एक पूल. शंभर पूल व्हायला दोन वर्षं. नाताळ आठ-नऊ महिन्यांवर. शलमोनरावांनी कागदावर भागाकार केला आणि त्यांना मार्ग दिसला. एका वेळी तीन टेबलांवर खेळायचं.

शेजारच्या पुष्पावतीकाकूंनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. त्या मुद्दाम येऊन म्हणाल्या, "एवढा कुटाना कशाला? दोन डबे ठेवा. जिंकलेल्या कुपनाचा चिंचोका एका डब्यात, हरलेल्याचा दुसऱ्यात. जो डबा जड, ते खरं."

शलमोनरावांनी ही सूचना हसून सोडून दिली. पुढे त्यांना ती बऱ्याचदा आठवली.

बसमध्ये तीन टेबलं होतीच. पुढे बोरुडे वगैरे ऑफिसर मंडळी, मधे मशीनशॉप, मागच्या लांब बाकड्यावर बन्सी आणि कंपनी. तिन्हीकडे त्यांनी नाव घातलं. अडचण फक्त जागेची होती. मधल्या वाटेत उभं राहायचं, पुढच्या टेबलाची पानं हातात, मधल्याची शर्टाच्या खिशात, मागच्याची जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. एकीकडे पान टाकलं की मागे पळायचं. मधे चास गावाच्या थांब्यावर चार माणसं चढायची, त्यांना अंग चोरून वाट द्यायची.

"सायब, पान टाका की! कामरगाव आलं," मागून बन्सी ओरडायचा. "लई येळ लावता राव. तुमच्या पानाची वाट बघून माझी दाढी वाढली."

पहिल्याच महिन्यात कामरगावच्या वळणावर ड्रायव्हरने शेळीसाठी ब्रेक मारला. शलमोनराव बसले ते थेट बोरुड्यांच्या मांडीवर, आणि तिन्ही हातची पानं खाली. घाईघाईने गोळा करून त्यांनी पुढच्या टेबलावर शो केला. सिक्वेन्स देखणा होता. फक्त निळ्या पाठीच्या बारा पानांत एक पान लाल पाठीचं निघालं.

बोरुड्यांनी ते पान दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात पाहिलं. "भिंगारदिवे, हे कुठल्या गावचं?"

बस हसली. ऐंशी गुण अंगावर चढले. ज्या माणसाने तेवीस वर्षं दुसऱ्यांचा माल परत पाठवला, त्याच्या हातात खोटा माल सापडला होता. शलमोनराव त्या दिवशी जेवले नाहीत.

मग कुपनांची पंचाईत सुरू झाली. कँटीनचं कुपन दर महिन्याला रंग बदलायचं. एप्रिलचं गुलाबी, मेचं पिवळं, आणि महिना संपला की जुना रंग बाद. मेच्या तीस तारखेला, गुरुवारी सकाळीच, मधल्या टेबलावरचे बाकीचे पाचही जण बाद झाले आणि शलमोनराव जिंकले. हातात तीस पिवळी कुपनं आणि चहा प्यायला दोन दिवस. वाया गेलं तर तो फायदा म्हणायचा का, ह्यावर ट्रेनिंगमध्ये काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून त्यांनी चहा प्यायला सुरुवात केली. कँटीन चालवणाऱ्या कडूबाई अकराव्या कपाला थांबल्या.

"सायब, ह्यो चहा फायद्याचा धरायचा का तोट्याचा?"

"फायद्याचा," शलमोनराव पोटावर हात ठेवून म्हणाले.

"तसं दिसत तर न्हाई तुमच्याकडं बघून."

संध्याकाळी ॲसिडिटीच्या गोळ्या आणाव्या लागल्या. त्या गोळ्या फायद्यातून वजा करायच्या का? गोळी रोखीची, फायदा चहाचा. शलमोनरावांनी त्यासाठी वेगळा रकाना आखला. नंतर त्या रकान्यासाठी वेगळी टीप, आणि टिपेसाठी शेवटी वेगळं पान.

नोंदी ठेवायला त्यांनी तपासणीचे छापील तक्ते वापरले होते, कारण हात त्यालाच बसला होता. लॉट नंबरच्या जागी पूल, मशीन नंबरच्या जागी टेबल, आणि खाली लाल-निळ्या रेघांचा आलेख. रजिस्टर इतकं सुरेख झालं होतं, की ते स्वतःच कधी कधी डबा खाता खाता उघडून बघत बसत.

तेवढ्यात कंपनीने आयएसओचं सर्टिफिकेट घ्यायचं ठरवलं. त्या कामावर महेंद्र साळवे नावाचा अत्यंत प्रामाणिक अधिकारी नेमला गेला. अप्रामाणिक असता तर पुढचं काही घडलं नसतं. खात्यातल्या प्रत्येक कागदाला नंबर हवा, नसेल तर तो फाडायचा, असा नियम होता. सप्टेंबरात शलमोनराव मशीनशॉपमधून परत आले तर महेंद्र त्यांच्या टेबलापाशी उभा, एका हातात रजिस्टर, पायाशी कचऱ्याचा डबा.

"फाडू नका! महत्त्वाचं आहे ते!" शलमोनराव दारातूनच ओरडले.

"महत्त्वाचं आहे?" महेंद्र शांतपणे म्हणाला. "मग नंबर पाहिजे." आणि त्याने 'नियंत्रित प्रत' असा जांभळा शिक्का पहिल्या पानावर मारला. रजिस्टर क्रमांक सतरा.

शिक्का वाळल्यावर त्याने नियम सांगितले. नियंत्रित प्रत खात्याबाहेर न्यायची नाही. तिची नक्कल करायची नाही. तीन वर्षं जपायची. आणि मधे एकही नोंद कोरी ठेवायची नाही. राहिली तर लेखी कारण.

"पण साळवे साहेब, हे..." शलमोनरावांनी आजूबाजूला पाहिलं. चार माणसं ऐकत होती. "हे माझं खासगी आहे."

"कंपनीच्या छापील तक्त्यावर खासगी?" महेंद्रने विचारलं.

ऑक्टोबरात त्यांना मलेरिया झाला. आठवडाभर घरी. कामावर आल्या आल्या त्यांनी रजिस्टर सतराला पत्र जोडलं: 'थंडीतापामुळे मशीन क्रमांक एक, दोन व तीनवर काम होऊ शकले नाही.' महेंद्रने त्यावरही शिक्का मारला.

आता त्यांना पत्त्यांचा वीट आला होता. बदामची राणी दिसली की ते मान फिरवायचे. पण नोंद कोरी ठेवता येत नव्हती, म्हणून रोज सकाळी ते मधल्या वाटेत उभे राहायचे. बस हसायची, तेव्हा त्यांना कशाला हसतात ते कळायचं नाही, कारण तोवर ते दुसऱ्या टेबलाशी असायचे.

घरी दयाबाई विचारायच्या, "आज काय झालं बसमध्ये?"

"मधलं टेबल वजा पाच."

"बरं," दयाबाई म्हणायच्या आणि रेडिओ लावायच्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून ऑडिटर आले. बारीक, मृदू बोलणारे, आणि भयंकर. सकाळभर ते रजिस्टरं काढत होते आणि मॅनेजर साहेबांचा रुमाल भिजत होता. दुपारी त्यांनी हात घातला तो नेमका सतरा नंबरवर. पंधरा मिनिटं एकेक पान वाचलं. शलमोनरावांना आपली नोकरी, पेन्शन, केडगावच्या घराचं कर्ज आणि पॉलचा चेहरा असं सगळं एका रांगेत दिसलं.

"सह्या कोणाच्या?" ऑडिटरनी विचारलं.

"माझ्या." मग त्यांच्याने राहवलं नाही. "साहेब, खोटं बोलत नाही. हे रमीचं आहे."

मॅनेजरनी डोळे मिटून घेतले.

"कशाचं आहे ते तुमच्या कंपनीने बघायचं," ऑडिटर म्हणाले. "मी बघतो, लिहिलंय तसं केलंय का आणि केलंय तसं लिहिलंय का. सकाळपासून सात रजिस्टरं पाहिली. हे दोन्ही जुळणारं हे पहिलंच." त्यांनी शेवटचं पान उलटलं. "पण निष्कर्ष कुठाय?"

"तोच तर निघत नाहीये, साहेब." शलमोनरावांनी खुर्ची पुढे ओढली. आठ महिन्यांत हे ऐकून घेणारा पहिलाच माणूस भेटला होता. "शहाण्णव पूल झाले. सतरा जिंकले, एकोणऐंशी हरले. फायदा तीस कुपनांचा. पण एवढ्या पुलांत नुसत्या नशिबानेच एकशे दहा इकडे-तिकडे होऊ शकतात."

"म्हणजे फायदा का तोटा?"

"तेच विचारतोय मी."

ऑडिटरनी आलेख उलटा धरूनही पाहिला. त्यांनाही कळेना असं वाटलं. "ही मोजणी मागितली कोणी होती?"

"घरून. मिसेसनी."

"मग गिऱ्हाईकाचा शेरा पाहिजे," ते म्हणाले आणि त्यांनी तसं लिहून दिलं. एका महिन्यात पूर्तता, नाहीतर सर्टिफिकेट अडकेल.

त्या दिवसापासून मॅनेजर साहेब शलमोनरावांना स्वतः खुर्ची द्यायला लागले. "भिंगारदिवे, मिसेस कशा आहेत? तब्येत बरी आहे ना त्यांची?" साडेतीनशे माणसांची कंपनी दयाबाईंच्या सहीवर येऊन थांबली होती, आणि दयाबाई केडगावात करंज्यांचं सारण भाजत होत्या.

नाताळच्या दुपारी जेवणं झाली. टेबल तेच, चहा तोच, पॉलही तेच. शेऱ्याचा फॉर्म गेटपास करून घरी आणलेला, बशीखाली ठेवला होता.

"हं, दाजी," पॉल हात पुसत म्हणाले. "आकडा?"

"तीस कुपनांचा फायदा. एकशे दहा इकडे-तिकडे."

पॉलनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे नशीब काढून टाकलं तर प्रत्यक्षात तोटा ऐंशीचासुद्धा असू शकतो?"

"असू शकतो."

"आणि फायदा एकशे चाळीसचा?"

"तोही."

"मग नऊ महिने तुम्ही केलंत काय?"

"मोजलं," शलमोनराव म्हणाले. ते म्हणताना त्यांना स्वतःचीच कीव आली.

पॉल गोंधळून छताकडे बघायला लागले. भूगोलात असं होत नाही. नदी उगम पावते आणि समुद्राला मिळते. मग त्यांचा चेहरा उजळला. "दाजी, अजून दोन टेबलं वाढवली तर?"

"पॉल, करंजी खा," दयाबाई म्हणाल्या. त्यांनी बशीखालून फॉर्म ओढून घेतला आणि चष्मा लावून वाचला. "गिऱ्हाईक म्हणजे मी?"

"हो."

"अहो, मी नुसतं विचारलं होतं. चहा ओतताना माणूस काहीतरी विचारतं. तुम्ही बन्सीच्या शिंकेचं सांगत होतात, मला पुढचं ऐकायचं होतं." त्यांचा आवाज जरा बदलला. "त्यानंतर काही सांगितलंतच नाही. बन्सीची म्हैस व्याली का? बोरुड्यांच्या मुलीचं जमलं का? मला काही माहीत नाही. ईस्टरपासून ह्या घरात नुसते वजा पाच येतायत."

बन्सीला म्हैस आहे, एवढंही शलमोनराव विसरून गेले होते. आठ महिने ते त्या बसमध्ये होते आणि त्यांना बसमधलं काहीएक माहीत नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. एकोणऐंशी पूल हरल्यावरसुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

दयाबाईंनी पेन घेतलं आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'प्रश्न मागे घेतला आहे. रोज घरी आल्यावर बसमधली गोष्ट पूर्वीप्रमाणे सांगावी.' खाली सही केली.

"पण ताई, शपथेचं काय?" पॉल म्हणाले.

"फायदा नाही आणि तोटाही नाही. शपथ कसली मग?"

दोन दिवसांनी फॉर्म परत आला. महेंद्रने पेन्सिलीने खूण केली होती: 'पूर्वीप्रमाणे' हे मोजता येत नाही, कृपया संख्या द्यावी. दयाबाईंनी लिहिलं: 'रोज एक. जास्त झाली तरी चालेल.' ह्यावर मात्र शिक्का बसला. जानेवारीत सर्टिफिकेट आलं, गेटवर काचेत लागलं, आणि रजिस्टर सतरा तीन वर्षांसाठी कपाटात गेलं.

शलमोनरावांनी पुढची दोन टेबलं सोडली. आता ते मागच्या बाकड्यावर बन्सीशेजारी, बसून खेळायचे.

पहिल्याच शनिवारी ते घरी आले ते चपला काढायच्या आधीच बोलत.

"दया, ऐक. पूलचा शेवटचा डाव. उरलो मी आणि बन्सी. त्याला सगळं लागलेलं, हातात बदामची राणी, आता शो करणार, तर चासजवळ खिडकीतनं वारा आला आणि राणी बाहेर! बन्सीने बोंब मारून बस थांबवली आणि गेला की जोंधळ्यात शिरून. तिथली म्हातारी विळा घेऊन आली. म्हणते, काय चोरतो रे? हा म्हणतो, मावशे, चोरत न्हाई, बदामची राणी शोधतोय. तिने दोन मिनिटं ह्याच्याकडे बघितलं. मग कणीस मोडून हातात दिलं. म्हणाली, घे बाबा, हुरडा खा, पन असं काय बोलू नको, घरचे काळजी करत्याल!"

दयाबाई खाली बसल्या होत्या. पदर डोळ्यांना लागला होता.

"आणि मग बन्सी परत आला. राणीच्या जागी ते कणीस लावलं, आणि शो!"

"कणीस? आणि चाललं?"

"अख्ख्या बाकड्याने एकमताने मान्य केलं."

दयाबाईंनी हसू आवरत चहा ओतायला घेतला. ओतता ओतता, सवयीने, त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही जिंकलात का हरलात?"

विचारल्यावर त्यांनीच जीभ चावली.

"हरलो," शलमोनराव म्हणाले. "कणसाकडून."

आणि कप पुढे ओढून ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, कारण म्हातारीच्या विळ्याचं थोडं राहिलं होतं.